चार इंची भिंत

कदमकाका तुमच्या घरी पहिल्यांदा आले की बसत नाहीत. चपला दाराशी काढतात, हॉलच्या मध्यावर येतात, चारी बाजूंनी नजर फिरवतात आणि त्यातली एक भिंत निवडून तिच्यापाशी जातात. उजव्या हाताचं मधलं बोट वाकवून तिच्यावर टकटक करतात आणि मग कान लावतात. घरातली माणसं तोवर पाण्याचा ग्लास हातात धरून उभी. निदान मात्र ठरलेलं असतं.

"चार इंची," काका म्हणतात. "फसवलं तुम्हाला."

आमच्याकडे आले तेव्हा मी म्हटलं, "काका, आपण एकाच बिल्डिंगमध्ये राहतो. तुमचीही चार इंचीच असणार."

"मग? मलाही फसवलं," काका शांतपणे म्हणाले आणि चहाला बसले.

आमची बिल्डिंग अंबरनाथ पूर्वेला. मी पहिल्या मजल्यावर, काका दुसऱ्या. ते इथल्याच एका कारखान्यात स्टोअरकीपर होते. कारखाना बंद पडला आणि त्या जागी आता टॉवर उभा राहतोय. त्याच्याही भिंती काकांनी हेल्मेट घालून आत जाऊन वाजवून पाहिल्या आहेत. मंदाकाकू गेल्या, त्याच्या पुढच्या वर्षी काकांच्या बाजूचा २०४ नंबर विकायला निघाला आणि त्यांनी तो फंडाच्या पैशातून घेतला. तेव्हापासून भाड्यासाठी घर घेण्याच्या विषयातले ते आमच्या भागातले अधिकारी पुरुष आहेत. एका फ्लॅटच्या भांडवलावर माणूस तज्ज्ञ होतो, याचं मला पूर्वी नवल वाटायचं. पण या विषयावर व्हिडिओ करणारे जे तरुण असतात, त्यांच्यातले बरेचसे स्वतः भाड्याने राहतात असं कळलं, तेव्हा काकांबद्दलचा आदर वाढला.

कुणी रिटायर झालं, कुणाची गावची जमीन विकली गेली, की तो माणूस पेढे घेऊन काकांकडे येतो. "बदलापूरला एक वन बीएचके बघितलाय. घेऊन भाड्याने टाकतो. दर महिन्याला भाडं, बारा महिन्यांचं इतकं इतकं..." 

काका त्याला बारापर्यंत पोचू देत नाहीत. "रिकामा महिना धरलात का?"

"रिकामा महिना?"

"भाडेकरू जाणार. दुसरा लगेच येणार का? मधे रंग लागणार. नळ गळणार. दलाल एका महिन्याचं भाडं घेणार. तो महिना कुठे धरलात? शिवाय सोसायटीवाले भाडेकरू ठेवला म्हणून जादा मेंटेनन्स लावणार. घरपट्टी काय भाडेकरूचे वडील भरणार?"

पेढेवाला हिरमुसतो. मग काका त्याला धीर देतात, कारण घाबरवून पळवून लावणं हा त्यांचा हेतू नसतो. स्टेशनपासून चालत अंतर बघा, ओसी, म्हणजे राहायला जायचा नगरपालिकेचा दाखला, बघा, पाणी किती वाजता येतं ते वॉचमनला विचारा, बिल्डरला नको. हप्ता भाड्यातून सुटेल असं कुणी सांगितलं तर त्याला विचारा, उरलेला हप्ता तू भरतोस का. आणि सगळ्यात शेवटी: "भाडेकरूशी नातं नको. मालकाने भाडेकरूच्या घरात बसायचं नाही. चहा तर घ्यायचाच नाही. आज चहा, उद्या भाडं उशिरा."

कॉलेजच्या ग्रंथालयातून मी रिटायर झालो तेव्हा माझ्याही पेढ्यांची वेळ आली. आमच्या हिचं मत होतं, सगळं एफडीत टाकून शांत झोपावं. माझ्या भाच्याचं मत होतं की एफडी करणारा माणूस झोपेतच गरीब होतो. मी आयुष्यभर दोन्ही बाजूंची पुस्तकं कपाटात शेजारी शेजारी लावलेली असल्यामुळे मला मत नव्हतं. काका म्हणाले, "सर, चला. डोळ्यांनी बघा."

पहिली मोहीम बदलापूरला. नदीच्या अंगाला एक गृहसंकुल उभं राहत होतं. त्याचं नाव आमच्यापैकी कुणालाही उच्चारता आलं नसतं, म्हणून रिक्षावाल्याला "खांबवाली बिल्डिंग" म्हणून सांगावं लागलं. दाराशी खरोखरच पांढरे गोल खांब होते, वर काहीही न पेलणारे. आत कारंजं होतं. कोट घातलेल्या एका मुलीने आम्हाला थंड पाणी दिलं आणि भिंतीवरच्या चित्रापाशी नेलं.

"सर, हा प्रीमियम टॉवर. रिव्हर व्ह्यू."

"व्ह्यू किती जवळून?" काकांनी विचारलं.

"म्हणजे?"

"नदी आपण बघायला जायची, की ती येते?"

मुलगी गोड हसली आणि कुणाला तरी फोन लावायला आत गेली. काका तेवढ्यात रस्ता ओलांडून समोरच्या पंक्चरवाल्याकडे. पंक्चरवाल्याने शटरवर, आपल्या छातीच्या उंचीवर, हात ठेवून दाखवला. काका परत आले. "सर, तळमजला घेतलात तर ॲग्रीमेंटमध्ये एक जादा क्लॉज टाकावा लागेल. भाडेकरूला पोहता आलं पाहिजे."

मग सॅम्पल फ्लॅट. पाहून मी हरखलोच. बेडरूममध्ये डबल बेड ठेवूनही दोन्ही बाजूंना फिरायला जागा होती. काकांनी खिशातला रुमाल उशीवर अंथरला आणि ते त्या बेडवर सरळ आडवे झाले. त्यांचे पाय गुडघ्यांच्या जरा खालपासून बाहेर लोंबत होते.

"सर, प्लीज, ते फक्त डिस्प्लेला आहे," मुलगी म्हणाली.

"बाळा, तेच सांगतोय मी यांना," काका पडल्या पडल्या म्हणाले. "बेड लहान केला की खोली मोठी होते."

येताना चिखलोलीला रिक्षातून उतरलो. तिथे नवं स्टेशन व्हायचं आहे, हे तिथल्या प्रत्येक बोर्डवर स्टेशनाच्या आधी लागलेलं आहे. आमच्याबरोबर उल्हासनगरचा हरेशभाई हा सिंधी दलाल होता. गोरा, गोल, हातात तीन फोन. तो म्हणाला, "सर, साईं, अभी ले लो. स्टेशन आलं की रेट डबल."

"रेट तर येऊन बसलाय, हरेशभाई," काका म्हणाले. "स्टेशनचीच वाट बघतोय तो."

"काका, तुम भी ना! प्रॉपर्टी कभी नीचे नहीं जाती."

"प्रॉपर्टी नाही जात. स्लॅब जातो. तुझ्या उल्हासनगरच्या कॅम्पात विचार."

हरेशभाईने कानाला हात लावला. तो काकांवर रागावत नाही. "ये आदमी मेरा धंदा खराब करता है," असं तो मला नेहमी सांगतो, आणि स्वतःच्या मेव्हण्यासाठी फ्लॅट बघायचा होता तेव्हा काकांनाच घेऊन गेला होता.

इतका हुशार माणूस स्वतःच्या फ्लॅटचं काय करतो, हे पाहणं मात्र शिष्याच्या दृष्टीने फार गोंधळाचं होतं. २०४ मध्ये पवार राहायचे. नवरा-बायको, नवऱ्याची आई आणि दोन मुलं. दिवसभर त्या घरात कुणी ना कुणी कुणाला तरी हाका मारत असायचं. मिक्सर, कुकर, पाढे, आजींची आरती, मुलांची भांडणं. भाडं बाजारभावापेक्षा बरंच खाली, आणि काकांनी ते कधी वाढवलं नाही. मी एकदा हे बोलून दाखवलं. "सर, टिकणारा भाडेकरू म्हणजे रिकामा महिना नाही," काका म्हणाले. तत्त्व बिनतोड होतं. पवारांच्या घरात ते कधी बसले नाहीत, हेही खरं. संक्रांतीचा तिळगूळसुद्धा उंबऱ्याच्या अलीकडून.

पवारांनी बदलापूरला स्वतःचं घर घ्यायचं ठरवलं, तेव्हा तीन बिल्डिंगांच्या भिंती काकांनीच वाजवून पाहिल्या आणि एक पसंत करून दिली. आपलाच भाडेकरू हातून घालवायला मदत करणारा मालक मी पहिल्यांदा पाहिला. पवारांचा टेम्पो निघाला, आजींनी डोळ्यांना पदर लावला, आणि काका म्हणाले, "चला, आता रंग काढून घेतो."

आणि मग त्यांचा स्वतःचा रिकामा महिना सुरू झाला.

त्या दिवसांत काका रोज संध्याकाळी आमच्याकडे येऊ लागले. कधी पेपर न्यायला, कधी पेपर परत करायला. ही स्वयंपाकघरात असली की आतल्या आवाजाकडे कान देऊन बसायचे. हिने एकदा विचारलं, "भाऊजी, जेवलात का?" तर घड्याळाकडे बघून म्हणाले, "अरेच्चा, वेळ झाली होय?" ही मला म्हणाली, "भाऊजी बारीक झालेत हो." मी म्हटलं, भाडं बुडतंय ना. मला तेव्हा भांडवलशाहीच्या पलीकडचं काही सुचत नव्हतं.

याच सुमारास निखिलचा मला फोन आला. हा काकांचा मुलगा, पुण्याला असतो. चांगला मुलगा आहे. दर रविवारी व्हिडिओ कॉल करतो, औषधं ऑनलाइन मागवतो. "काका, बाबांना तुम्ही सांगा ना. दोनशेचार विकून टाकू दे. भाड्यातून खर्च वजा केला तर एफडीपेक्षाही कमी पडतं. आणि या वयात भाडेकरूंची कटकट कशाला? इकडे येऊन राहा म्हणतो, तर तेही नाही."

पुण्याला काका एकदा गेले होते. आठवडाभरात परतले. "कसं आहे घर?" मी विचारलं होतं. "भिंत एक नंबर," काका म्हणाले होते. "सगळी काँक्रीट. वाजवली तर बोट दुखतं. पलीकडे माणसं राहतात की नाही, काही पत्ता लागत नाही." त्यांनी एवढी स्तुती कुठल्याच भिंतीची केली नव्हती, आणि एवढ्या पडलेल्या आवाजातही.

शेवटी बाप-लेकांत असं ठरलं, की महिन्याच्या आत चांगला भाडेकरू मिळाला तर ठीक, नाहीतर २०४ विकायचा. मी म्हणे चार पुस्तकं वाचलेला माणूस, म्हणून चांगला कोण हे मी बघायचं. म्हणजे उमेदवारांच्या मुलाखतींना मी परीक्षक.

हरेशभाईने पहिल्याच खेपेला हिरा आणला. औषध कंपनीतले एक साहेब, वय पस्तिशीच्या आसपास, कुटुंब नाशिकला. भाडं कंपनी देणार, तेही पवारांपेक्षा पुष्कळ जास्त. पोलीस व्हेरिफिकेशनचे कागद आधीच तयार. सकाळी सहाला निघणार, रात्री दहाला येणार, शनिवार-रविवार नाशिकला. जेवण बाहेर.

"म्हणजे घरात गॅस पेटणारच नाही?" काकांनी विचारलं.

"नाही काका. मी राहतोय हे तुम्हाला कळणारसुद्धा नाही."

आपण अगदी योग्य तेच बोललो, या खात्रीने साहेब हसले. काकांचा चेहरा कुणी तरी ओसी नाही म्हणून सांगितल्यासारखा झाला. साहेब गेल्यावर ते म्हणाले, "नको."

"काय कमी आहे?" मी परीक्षकाच्या नात्याने विचारलं.

"काहीच कमी नाही. एवढा चांगला माणूस मला संशयास्पद वाटतो."

हरेशभाईने तिन्ही फोन खिशात टाकले. "काका, लक्ष्मी आयी थी, साईं. तुमने दरवाजे से वापस भेजी."

त्यानंतर एक नवपरिणीत जोडपं. दोघंही दिवसभर कानात हेडफोन घालून घरूनच काम करणार. नको. मग एक योगशिक्षक, मौन पाळणारे. त्यांनी पाटीवर लिहून विचारलं, भाडं किती. काकांनी तोंडाने सांगितलं, नको. महिना संपत आला. निखिलने गिऱ्हाईकसुद्धा शोधून ठेवलं.

अशात एका दुपारी संध्या कांबळे आल्या, नवऱ्याला आणि सासऱ्यांना घेऊन. उल्हासनगरला कॅम्पात राहत होत्या. बिल्डिंग धोकादायक ठरली आणि सगळ्यांना बाहेर काढलं. तेव्हापासून विठ्ठलवाडीला नणंदेच्या एका खोलीत सगळे. नवरा शिलाईच्या कारखान्यात, त्या स्वतः घरी मशीनवर जीन्सचं जॉबवर्क करायच्या. सासरे २०४च्या हॉलमध्ये आल्या आल्या खोकले, आणि तो खोकला बऱ्याच लांबवर चालला.

संध्याबाईंनी काही लपवलं नाही. उलट सगळ्या वाईट गोष्टी एका दमात सांगून टाकल्या, नकार लवकर मिळावा म्हणून. "काका, आधीच सांगते. मशीन चालणार. बाबांना दमा आहे, रात्री खोकतात. त्यांना रेडिओ लागतो, ऐकायला कमी येतं म्हणून मोठ्याने. भाडं मी फार नाही देऊ शकत. काही लोक मशीन ऐकून नाही म्हणतात. काही आडनाव ऐकून. म्हणतात, जागा कालच गेली."

"आडनावाला मेंटेनन्स लागत नाही," काका म्हणाले. "मशीन कुठे ठेवणार?"

"मागच्या खोलीत. दार लावून घेईन. तुम्हाला आवाज नाही येणार."

"मागे नको. तिथे ओल येते. हॉलमध्ये ठेवा." काका उठले आणि दोन्ही घरांच्या मधल्या भिंतीवर त्यांनी हात ठेवला. "इथे. या भिंतीला लावून."

"पण मग तुमच्याकडे..."

"इथे उजेड चांगला आहे. आणि एक अट. मशीन सुरू करायच्या आधी भिंतीवर टकटक करायची. मी उलट टकटक केली की सुरू करायचं. मला कळायला नको, माझ्या फ्लॅटमध्ये काय चाललंय ते?"

संध्याबाईंनी मान हलवली. मालक जरा विक्षिप्त आहे, पण जागा आहे, असा त्या मानेचा अर्थ होता. म्हातारबुवांनी "काय म्हणतात?" असं विचारलं, आणि सुनेने "हो म्हणतात, बाबा!" हे इतक्या मोठ्याने सांगितलं, की खालच्या मजल्यावर आमच्या हिलाही कळलं.

सेक्रेटरीने हरकत घेतली. मशीनच्या आवाजाचा शेजाऱ्यांना त्रास होईल. "शेजारी मीच," काका म्हणाले. "माझी तक्रार नाही." मग सेक्रेटरीने रेडिओचं काढलं. काका म्हणाले, "रेडिओ कोणत्या स्टेशनला लावायचा, ते तुम्ही ठरवून द्या." प्रकरण मिटलं आणि कांबळे मंडळी राहायला आली.

निखिल मात्र वैतागला. "काका, याला चांगला भाडेकरू म्हणायचं? त्या साहेबांना नको म्हणून हे? तुम्ही परीक्षक होतात ना? आता तुम्हीच हिशेब करा आणि रविवारी मी कॉल करतो तेव्हा बाबांसमोर मला सांगा. तुम्ही विका म्हणालात, तर बाबा विकायला तयार आहेत. मी विचारलंय."

मी हिशेब केला. काकांनीच शिकवलेल्या पद्धतीने, रिकाम्या महिन्यासकट. उत्तर निखिलच्या बाजूने आलं, आणि थोडंथोडकं नाही. रविवारी संध्याकाळी तो कागद घडी करून खिशात घातला आणि वर गेलो.

काकांचा हॉल मी पुष्कळदा पाहिला होता, पण त्या दिवशी पहिल्यांदा लक्षात आलं, की त्यांची खुर्ची टीव्हीकडे तोंड करून नाही. ती मधल्या भिंतीला पाठ टेकून आहे. भिंतीला कपाट नाही, फोटो नाही. मंदाकाकूंचा फोटोसुद्धा समोरच्या भिंतीवर, म्हणजे खुर्चीत बसलं की समोर काकू आणि पाठीशी २०४.

"बसा, सर. निखिलचा फोन येईलच." काका खुर्चीत बसले. पलीकडे रेडिओ चालू होता. बातम्या. म्हातारबुवा खोकले. "आज कमी आहे," काका म्हणाले, जसा कुणी आपल्याच घरातल्या माणसाबद्दल म्हणतो.

मग तिकडे कुकरची शिट्टी झाली. काका बोलता बोलता उठले, आत गेले, गॅस पेटवल्याचा आवाज आला, आणि परत येऊन बसले. "भात टाकला," ते म्हणाले. "मंदा होती तोवर जेवायची वेळ मला कधी घड्याळात बघावी लागली नाही. अहो, तिची बडबड! मी म्हणायचो, बाई, जरा गप्प बस." खांद्यावरचा टॉवेल काढून त्यांनी खुर्चीच्या पाठीवर टाकला. "मग पवारांचा कुकर लागला की मी उठायचो. मधे जरा घोळ झाला."

मी खिशातल्या कागदावर हात ठेवून बसलो होतो. काकांनी ते पाहिलं.

"केलात हिशेब?"

"केला."

"रिकामा महिना धरलात?"

"धरला होता," मी म्हटलं. "पण चुकीचा धरला."

तेवढ्यात निखिलचा व्हिडिओ कॉल आला. काकांनी फोन माझ्या हातात दिला आणि समोर काकूंच्या फोटोकडे बघत बसले. भिंत वाजवून तिचा निकाल ऐकताना हा माणूस जसा कान देतो, तसाच आताही कान देऊन बसला होता. फक्त बोट वाजवत नव्हता.

"बोला काका," निखिल म्हणाला. "किती पडतोय परतावा?"

"चांगला पडतोय," मी म्हटलं.

"चांगला म्हणजे?"

"म्हणजे विकायचा नाही. मी असा परतावा दुसऱ्या कुठल्याही फ्लॅटवर पाहिला नाही. बाबांना असू दे तो."

"पण काका, आकडे..."

"आकडे मी तपासलेत रे. ग्रंथपाल आहे मी."

माझ्या नोकरीचा आणि या विधानाचा काही संबंध नव्हता, पण निखिल चांगला मुलगा आहे, वडीलधाऱ्यांशी वाद घालत नाही. "बरं," तो म्हणाला. "तुम्ही म्हणताय तर राहू दे." काकांनी एक मोठा श्वास सोडला आणि चष्मा काढून सदऱ्याने पुसू लागले. आधीच स्वच्छ होता तो.

तेव्हाच भिंतीवर पलीकडून टकटक झाली.

काका चष्म्याच्या काचा पुसत राहिले, म्हणून थोड्या वेळाने ती पुन्हा झाली, जरा घाईने. मग संध्याबाईंचा आवाज, भिंतीतून सहज ऐकू येणारा: "काका? बरे आहात ना? येऊ का तिकडे?"

काका धडपडून उठले, वळले, आणि मधलं बोट वाकवून त्यांनी भिंतीवर टकटक केली. पलीकडे मशीन सुरू झालं. त्याच्या धडधडीने खुर्चीच्या पाठीवर टाकलेला टॉवेल हळूहळू हलू लागला.

"बाबा, कसला आवाज आहे हा?" फोनमधून निखिलने विचारलं.

"काही नाही रे," काका म्हणाले, तळहात भिंतीवर तसाच ठेवून. "भिंत तपासतोय."